स्पर्शाचे शास्त्र आमच्या मुलांनी का शिकू नये?



वेल्हे भागातील पासलीसारख्या गावी बौद्ध कुटुंबातील मुलगी बारावीला विज्ञान घेऊन चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, तर घरात पुढला प्रश्न कोणता निघतो? शिक्षिका व्हावे, परिचारिका व्हावे, की पोलीस भरतीची तयारी करावी? या नोकऱ्या हलक्या आहेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्यांनीच आपल्या कित्येक घरांची चूल पेटती ठेवली आहे. परंतु केंब्रिज विद्यापीठात शरीरक्रिया, गर्भविकास व मज्जासंस्था या तिन्ही शास्त्रांचा एकत्र विभाग २००६ पासून आहे, तेथे देशोदेशींचे तरुण डॉक्टरेटसाठी संशोधन करतात, त्यांत आपली मुलगी का असू नये, हा प्रश्न त्या घरात निघतच नाही. ज्या समाजाला अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या घरात तो न निघावा यात नवल ते काय? नवल हे की, आज दार किलकिले झाले असतानाही आपण उंबरठ्याबाहेरच बसून राहावे.

हेच शास्त्र का, असे कोणी विचारील. ऐका. ज्या स्पर्शावरून आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर काढले, तो स्पर्श म्हणजे वस्तुतः काय? बैरूत शहरात १९६७ साली जन्मलेला आर्डेम पटापुटियन नावाचा आर्मेनियन तरुण यादवी युद्धाला कंटाळून १९८६ साली अमेरिकेत गेला. पोटासाठी त्याने घरोघर पिझ्झा पोचवला, एका आर्मेनियन वृत्तपत्रात साप्ताहिक राशिभविष्यही लिहिले. (ग्रहांची कुंडली मांडणारा हात पुढे जनुकांची कुंडली उलगडू शकतो, हे आपल्यातील पंचांगप्रेमींनी ध्यानी घ्यावे!) १९९६ साली त्याने डॉक्टरेट मिळविली. पुढे त्याने व सहकाऱ्यांनी एकेका पेशीला सूक्ष्म नळीने टोचून, ७२ संशयित जनुके एकामागून एक बंद करून पाहिली. ज्या जनुकाच्या बंद होण्याने पेशी टोचणीला उत्तर देईनाशी झाली, तेच हवे ते जनुक ठरले. त्यातून २०१० साली पिएझो ही प्रथिने जगापुढे आली. त्वचेवर दाब पडला की त्यांचे द्वार उघडते, विद्युत्‌भारित कण आत शिरतात आणि मज्जातंतू मेंदूला वार्ता देतो. २०२१ साली डेव्हिड ज्युलियस यांच्यासमवेत त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. या द्वाराशी कोणाची जात विचारली जाते काय? विटाळ नावाची वस्तू कोणत्या पेशीत सापडली? ज्यांच्या देहावर विटाळाचे खोटे शास्त्र लादले गेले, त्यांच्याच लेकरांनी देहाचे खरे शास्त्र हाती घ्यावे, याहून न्याय्य दुसरे काय असू शकते?

पैसा कोठून आणावा, ही अडचण खरी आहे. पण ती बव्हंशी अज्ञानाने फुगलेली आहे. अमेरिकेतील बहुतेक नामांकित विद्यापीठांत जीवशास्त्राच्या डॉक्टरेट विद्यार्थ्याची फी माफ होते व वर निर्वाहवेतन मिळते. जर्मनीत तर तो पुष्कळदा पगारी नोकरच असतो. पहिली पायरीही दूर नाही. पाषाणची आयसर संस्था २००६ पासून पुण्यातच आहे व बारावीनंतर तेथे प्रवेश मिळतो. जमीन विकण्याचे भय दाखविणाऱ्यांना हे सांगा.

परंतु सरकारला आम्ही मोकळे सोडणार नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. १९१७ साली तिची मुदत संपताच लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले आणि १९२० साली पुन्हा जावे लागले. ही गोष्ट आपण जयंतीला अभिमानाने सांगतो. तीच पाळी आजच्या मुलांवर का यावी? अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीला २०२५ साली १०६ विद्यार्थी निवडले गेले आणि पत्रे प्रथम ४० जणांनाच मिळाली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास पाहू, असे कळविले. विद्यापीठाची प्रवेशाची तारीख दिल्लीच्या निधीसाठी थांबत असते काय? त्याआधी २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास व समाज यांवरील विषयच या शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे जातीचा अभ्यास परदेशी करू नका! विज्ञान घ्या असे आम्ही सांगतो ते आमच्या इच्छेने; समाजशास्त्राचे दार कोणी लावून घेतले म्हणून नव्हे. ते दारही उघडलेच पाहिजे.

आणखी एक अन्याय पुष्कळांना ठाऊकच नाही. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला, आणि केंद्राच्या लेखी आपण अनुसूचित जातींतून बाद झालो. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, परंतु दिल्लीचा हक्क १९९० साली राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती झाली तेव्हाच परत मिळाला. मधल्या पिढीतील किती बुद्धिमान तरुणांना धम्म की शिष्यवृत्ती, या पेचात उभे केले गेले असेल!

त्या पेचाचे शेपूट अद्याप कागदपत्रांत वळवळते आहे. केंद्राच्या यादीत ‘बौद्ध’ अशी जात नाही. तीत मूळ जातींची नावे आहेत. नुसते ‘बौद्ध’ लिहिलेला दाखला घेऊन मुलगा दिल्लीच्या शिष्यवृत्तीस अर्ज करू लागला की अडतो. ज्या नावाचा त्याग केला तेच पुन्हा लिहावे लागते, ही बोच आम्हीही अनुभवतो. तरीही मूळ जात व बौद्ध धर्म ही दोन्ही नोंदणारा दाखला मुलगी दहावीत असतानाच काढा. त्यासाठी आजोबांच्या शाळेचा जुना उतारा लागला, तर तो शोधायला याच उन्हाळ्यात निघा. पावसाळ्यात पासलीहून वेल्ह्याच्या कचेरीचे हेलपाटे घालणे किती जड जाते, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे?