कार्यपत्रिका कोणाच्या मालकीची?

महाराष्ट्रातील शिक्षकांनी तयार केलेल्या अध्यापन साहित्याची देवघेव मोठी आहे, पण त्यातले बहुतेक साहित्य बेवारस फिरते. कार्यपत्रिका, प्रश्नपेढ्या, शब्दपट्ट्या, चित्रफिती आणि वर्णनात्मक नोंदींचे नमुने रोज एका गटातून दुसऱ्या गटात जातात. बहुतेकांवर कर्त्याचे नाव नसते. असलेच तर पुढच्या गटात ते कापले जाते. वापराच्या अटी लिहिलेले साहित्य तर क्वचितच सापडते. गेल्या काही महिन्यांत मासिकाकडे आलेल्या पत्रांत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे: स्वतः तयार केलेले साहित्य सर्वांसाठी खुले करायचे असेल, तर परवानगी कोणाची घ्यायची? कार्यालये याचे उत्तर देत नाहीत. त्याच कार्यालयांकडून साहित्याच्या लिंक मागवणारी परिपत्रके मात्र येत राहतात.

बेवारसपणाने वर्गात काय नुकसान होते, ते चौथीच्या अपूर्णांकांवरील एका फिरत्या कार्यपत्रिकेत पाहता येते. तिच्यात एक वर्तुळ दोन उभ्या रेषांनी तीन भागांत विभागले आहे, एक भाग रंगवला आहे आणि शेजारी ‘एक छेद तीन’ लिहिले आहे. रेषा सारख्या अंतरावर असल्याने मधली पट्टी कडेच्या पट्ट्यांपेक्षा बरीच मोठी झाली आहे. समान भाग ही अपूर्णांकाची पहिली अट, आणि चित्रात नेमकी तीच मोडली आहे. मधला तुकडा मोठा आहे, हे वर्गातली मुलेच दाखवून देतात. दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. केंद्रापासून 120 अंशांच्या अंतराने तीन त्रिज्या काढल्या की झाले. पण कार्यपत्रिका जेपीजी स्वरूपात आहे आणि मूळ फाइल कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. तळाशी कर्त्याच्या नावाच्या जागी एका गटाचा शिक्का आहे आणि त्याच्यावर दुसऱ्या गटाचा. ज्या शिक्षकाच्या लक्षात चूक येते तो आपल्या वर्गापुरते चित्र नव्याने काढतो, आणि चुकीची प्रत पुढे जात राहते.

नाव नाही म्हणजे हक्कही नाही, हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 नुसार कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हा हक्क टिकतो. निनावी कृतीच्या बाबतीत तो प्रसिद्धीनंतर 60 वर्षे टिकतो. म्हणजे कर्त्याचे नाव पुसलेली कार्यपत्रिका अधिक बंदिस्त होते, कारण परवानगी मागायला माणूसच उरत नाही. वर्गात शिकवण्याच्या ओघात एखाद्या कृतीची प्रत काढण्याची मुभा कलम 52 देते. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये या मुभेचा अर्थ उदारपणे लावला. तरीही ती मुभा शिकवण्यापुरतीच आहे. दुसऱ्याच्या कृतीवर आपला परवाना लावून ती सर्वांना वाटण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. मात्र मंडळाने सर्व हक्क स्वतःकडे राखले आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येत नाही. पाठ्यपुस्तकातील चित्र कापून कार्यपत्रिकेत चिकटवले, की ती कार्यपत्रिका खुल्या परवान्याखाली देता येत नाही. ही अट मोडल्याची उदाहरणे कोणत्याही गटात सापडतील. त्यामागे हेतू वाईट नसतो. चित्र हवे असते आणि ते कोठून घ्यावे हे कोणी सांगितलेले नसते.

खरा पेच कलम 17 मध्ये आहे. कृतीचा पहिला मालक कर्ता, हा सर्वसाधारण नियम. परंतु सेवेच्या करारान्वये नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता ठरतो. शासनाच्या किंवा सार्वजनिक उपक्रमाच्या निर्देशाखाली केलेल्या कृतींसाठीही त्याच धर्तीच्या तरतुदी आहेत. कलम 30 प्रमाणे परवाना देण्याचा अधिकार हक्कधारकालाच आहे, आणि तो लेखी द्यावा लागतो. आता जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेने रविवारी घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर वाचनपूर्व तयारीच्या शब्दपट्ट्या केल्या, तर ते नोकरीच्या ओघातले काम की खासगी? त्याच पट्ट्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांच्या सांगण्यावरून केल्या तर? अनुदानित शाळेत हक्क संस्थेकडे जातो की शिक्षकाकडे राहतो? या प्रश्नांना एकाच शासन निर्णयाने उत्तर देता येईल. कायद्यानेच ‘वेगळा करार नसेल तर’ अशी जागा ठेवली आहे. ती जागा भरायला अर्धे पानही लागणार नाही.

ते अर्धे पान निघत नाही, आणि दरम्यान काय चालते हे एका तालुक्यातून आलेल्या पत्रावरून कळते. तेथे प्रत्येक शिक्षकाने ई-साहित्य तयार करून त्याची लिंक गुगल फॉर्मवर भरावी, असा आदेश निघाला. फॉर्ममध्ये यू-डायस क्रमांक, केंद्र, इयत्ता, विषय, लिंक आणि साहित्य बनवतानाचा फोटो मागितला होता. अध्ययन निष्पत्तीचा रकाना नव्हता, मूळ फाइलसाठी जागा नव्हती. शेवटी एक चौकोन होता: साहित्य स्वतःच्या मालकीचे असून ते वापरण्यास हरकत नाही. एका शिक्षकाने चौकोनावर खूण करण्यापूर्वी मालकी खरोखर आपली आहे का, अशी लेखी विचारणा केली. अर्ज केंद्रप्रमुखांकडून गट कार्यालयात, तेथून प्रशिक्षण संस्थेकडे गेला आणि ‘उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन शाळेत परत आला. लिंक न भरल्याबद्दलचे स्मरणपत्र त्याआधीच पोचले होते.

जो अधिकार शिक्षकाकडे आहे की नाही हे कार्यालयालाच माहीत नाही, तो असल्याचे प्रमाणपत्र त्याच्याकडून घेणे हा निव्वळ अन्याय आहे. उद्या वाद झाला तर जबाबदारी खूण करणाऱ्यावर येते. शिवाय अशा मोहिमेतून लिंकांची संख्या तेवढी मिळते. लिंक उघडते का, साहित्य अचूक आहे का, दुसऱ्या शाळेत ते कोणी वापरले का, हे कोणीही तपासत नाही. केंद्रनिहाय टक्केवारीचा तक्ता भरला की विषय संपतो.

शासनाला मार्ग नव्याने शोधायचा नाही. युनेस्कोच्या 2012 च्या पॅरिस घोषणापत्राने सार्वजनिक निधीतून तयार होणाऱ्या शैक्षणिक साहित्याला खुला परवाना देण्यास प्रोत्साहन द्यावे, असे सुचवले. 2019 च्या नोव्हेंबरात युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने मुक्त शैक्षणिक साधनांविषयीची शिफारस सर्वसंमतीने स्वीकारली. त्यापूर्वीच, 2013 मध्ये, एनसीईआरटीने मुक्त साधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू केले आणि त्यासाठी सीसी बाय-एसए (श्रेय द्या आणि बदललेले साहित्य त्याच अटीवर खुले ठेवा) हा परवाना निवडला. शेजारच्या कर्नाटकात त्याच सुमारास डीएसईआरटी आणि बेंगळुरूची आयटी फॉर चेंज ही संस्था यांनी विषयशिक्षकांच्या मंचांना जोडून विकी पद्धतीचे भांडार उभारले. तेथे शिक्षक साहित्य चढवतात आणि एकमेकांचे दुरुस्तही करतात. दीक्षा मंच 2017 पासून देशभर आहे आणि महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड त्याला जोडलेले आहेत. मंच आहेत, धोरणाची भाषा आहे. राज्याच्या पातळीवर मालकीचा खुलासा तेवढा राहिला आहे.

हक्काची नोंद नीट ठेवली की काय साधते, याचा उत्तम नमुना प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पाहायला मिळतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात मराठी गोष्टीही मोठ्या संख्येने आहेत. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर लेखक, अनुवादक आणि चित्रकार यांची नावे, मूळ गोष्टीचा संदर्भ आणि परवाना दिलेला असतो. त्यामुळे एखाद्या शिक्षिकेला ती गोष्ट उचलून वाक्ये सोपी करता येतात, किंवा पावरीत वा कोरकूत आणून छापता येते आणि तिचे नाव साखळीत जोडले जाते. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली येथील शाळांना याचे मोल किती आहे, हे तेथील शिक्षकांना सांगावे लागत नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासाला जिल्हानिहाय पुस्तक आहे, कारण जिल्हा बदलला की पीक, नदी, बाजार, घर सगळे बदलते. मग कोकणातल्या शिक्षकाची कार्यपत्रिका लातूरला जशीच्या तशी कशी चालेल? बदल करण्याची परवानगी नसलेले साहित्य अशा राज्यात अर्धेच उपयोगी पडते.

परवाना निवडताना शिक्षकांचा कल ‘अव्यावसायिक’ अटीकडे असतो. त्यामागची भीती खरी आहे. शिक्षकांच्या प्रश्नपेढ्या जशाच्या तशा गाइडमध्ये छापून विकल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. पण या अटीची किंमत बरीच आहे. विकिमीडिया कॉमन्स असे साहित्य स्वीकारत नाही, आणि बाय-एसए परवान्याच्या साहित्याबरोबर ते मिसळून नवे साहित्य करता येत नाही. खासगी शिकवणीत अशी प्रत वापरता येते का, हाही वादाचा मुद्दा होतो. बाय-एसए 4.0 हा परवाना अधिक सोयीचा आहे. प्रकाशकाने साहित्य घेऊन त्यात फेरफार केले, तर त्याला श्रेय द्यावे लागते आणि ते बदललेले साहित्यही त्याच अटीवर खुले ठेवावे लागते.

साहित्याचे स्वरूपही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि येथे दोष शिक्षकांचा आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत दिसतो. तो शोधात सापडत नाही, आणि बहुतेक वाचनयंत्रणांना तो वाचता येत नसल्याने दृष्टिबाधित विद्यार्थीही वंचित राहतो. युनिकोड इतकी वर्षे हाताशी असताना, मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू यांसारखे सुबक देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली विनामूल्य मिळत असताना, जुन्या फॉन्टला चिकटून राहण्याचे कारण उरलेले नाही. पीडीएफ छापण्यासाठी ठीक आहे, पण तिच्यासोबत संपादन करता येईल अशी मूळ फाइल द्यायलाच हवी. चौथीच्या त्या वर्तुळाची मूळ फाइल सोबत असती, तर पहिल्याच शाळेत ते दुरुस्त झाले असते.

कोणत्याही एका मंचावर सगळे भरवून निर्धास्त राहणेही धोक्याचे आहे. 2008 मध्ये अमेरिकेत सुरू झालेले एडमोडो हे शिक्षकांचे जाळे जगभर पसरले होते. सप्टेंबर 2022 मध्ये ते बंद झाले. ज्यांनी आपल्या प्रती वेळेत उतरवून घेतल्या नाहीत, त्यांचे काम गेले. खुला परवाना आणि मूळ फाइल असेल तर साहित्य दुसरीकडे सहज हलवता येते आणि अनेक ठिकाणी जपता येते. मंच बदलत राहतील. प्रती अनेकांकडे असणे हाच टिकण्याचा भरवसा.

शासनाकडे मागणी मोजकी आहे. शिक्षकाने तयार केलेल्या अध्यापन साहित्याचा कर्ता शिक्षकच राहील आणि तो ते बाय-एसए परवान्याखाली देऊ शकेल, असा शासन निर्णय निघावा. तो जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित अशा तिन्ही प्रकारच्या शाळांना लागू व्हावा. शासनाच्या प्रशिक्षणांत आणि कार्यशाळांत तयार होणाऱ्या घटकसंचांवर सर्व सहभागींची नावे यावीत. बालभारतीने निदान नकाशे, आकृत्या आणि शास्त्रीय चित्रे तरी वेगळी काढून खुल्या परवान्याखाली द्यावीत. लिंकांची गणना बंद करून अध्ययन निष्पत्तीनुसार तपासलेल्या साहित्याची नोंद ठेवावी.

शिक्षकांनी शासन निर्णयाची वाट पाहत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. दुसऱ्याचे नाव कापलेली प्रत पुढे पाठवायची नाही, एवढे तर प्रत्येकाला आजपासून करता येते. गटाचे शिक्के मारणाऱ्या गटप्रमुखांनी ही सवय सोडावी. कष्ट ज्याचे, नाव त्याचे. स्वतःच्या साहित्याच्या तळाशी नाव, वर्ष, इयत्ता आणि अध्ययन निष्पत्ती लिहावी, चित्र कोठून घेतले ते लिहावे, मूळ फाइल जपून ठेवावी. चूक दिसली की कर्त्याला कळवावे आणि दुरुस्त प्रतीवर तारीख घालावी. मालकीच्या खुलाशाची मागणी मात्र एकेकट्याने अर्ज करून पुढे सरकत नाही, हे वरच्या उदाहरणातून दिसते. येत्या शिक्षण परिषदेत प्रत्येक केंद्राने यावर ठराव करावा. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे, एक डाएटकडे आणि एक थेट राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे पुण्याला पाठवावी, आणि प्रत्येक ठिकाणची पोच घ्यावी. पोचपावतीसह मासिकाकडे आलेला प्रत्येक ठराव केंद्राच्या नावानिशी पुढील अंकांत छापला जाईल.