दुर्मिळ मोटारीची पुढची काच
परदेशातून आणलेली दुर्मिळ मोटार दाराशी उभी राहिली की घराची शोभा वाढते; परंतु तिची पुढची काच तडकली की मालकाच्या धीराची परीक्षा सुरू होते. येथील विक्रेत्याकडे ती नसते, परदेशातून मागवावी तर विलंब लागतो आणि एवढी मोठी काच वाटेतच फुटण्याचे भय असते. अशा वेळी कोणी सुचवतो, “तूर्त साधी काच बसवून घ्या.”

येथेच विवेक हवा. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर दाबून केलेली असते. दगड लागला तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही समोर अशीच काच बंधनकारक केली आहे.

जुन्या मोटारीची काच सपाट असेल, तर याच प्रकारची काच मापाबरहुकूम कापून मिळू शकते. वक्र असेल तर त्याच साच्याची शोधावी लागते. मागणी नोंदवताना चासी क्रमांक, जुन्या काचेच्या कोपऱ्यातील खुणा आणि सेन्सर असल्यास त्याची जागा कळवावी. सर्वसमावेशक विम्यात काचेच्या भागांवर सहसा घसारा कापला जात नाही, हेही ध्यानी ठेवावे.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाला मर्यादा सांगितली आहे. प्रत्येक वस्तूबरोबर तिची चिंता आणि तिच्यामुळे कोणास इजा न होऊ देण्याचे दायित्वही घरात येते. योग्य काच मिळेपर्यंत मोटार उभी ठेवणे, हाही संयमच होय.