आईच्या हाडांवर चाललेला धंदा

सावेडीकरांनो, जरा स्पष्टच बोलतो. राग आला तर येऊ द्या.

साठीपुढच्या आया-मावश्यांना ‘अँटिऑक्सिडंट’च्या डब्या विकायची टूम निघालीय. ओळखीतलंच कुणीतरी घरी येतं, हाडं ठिसूळ झाल्याची भीती घालतं आणि महागडी डबी गळ्यात मारतं. डबीवर बारीक इंग्रजीत काय छापलंय, वाचलंत का? ‘औषधी वापरासाठी नाही’! पूरक आहाराच्या डबीवर हे छापणं कायद्यानंच बंधनकारक आहे.

मग अँटिऑक्सिडंट थोतांड का? अजिबात नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, हाड झिजवणाऱ्या पेशी जोर धरतात, ऑक्सिडीकरणाचा ताण त्यात भर घालतो. हे शास्त्र खरंय. पण भाजीत आहे तेच गोळीत, हे खरं नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या देऊन पाहिल्या. १९९४ साली निकाल आला, तर फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला!

आवळा, पेरू, टोमॅटो, शेवग्याचा पाला भाजीबाजारात मिळतो. आणि हाडाला आधी कॅल्शियम लागतं. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम, ही २०२० ची राष्ट्रीय शिफारस. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिळतं, आणि नाचणी आपल्याच अकोले तालुक्यात पिकते. जिल्हा दुधाचा, पण घरातल्या बाईच्या वाट्याला चहापुरतंच दूध! सोबत डाळ, ऊन आणि रोजचं चालणं हवं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या मात्र बंद करू नका.

आता सरकारचं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना काठी, कमरेचा पट्टा वगैरेसाठी एकदाच ३००० रुपये मिळतात. चांगलंच आहे. पण हाड मोडल्यावर काठी देणार, आणि मोडायच्या आधी तपासणार कोण?

महापालिकेकडे मागणी दोनच. वर्षातून एकदा साठीपुढच्या महिलांची हाडांची घनता मोफत तपासा. आणि म्हाताऱ्या माणसाला न अडखळता चालता येईल असे फूटपाथ द्या. मतं मागायला प्रभागात येणाऱ्यांना हेच विचारा.

आणि पोरांनो, आईला डबी आणण्यापेक्षा तिच्या ताटात काय वाढलंय ते आज बघा. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईची हाडं कुठल्या गोळीनं भरून येणार?

पटलं तर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका.