दाढीचा डबा भंगारात देऊ नका!

तुमच्या घरात माळ्यावर, नाहीतर जुन्या ट्रंकेच्या तळाशी एक डबा असेलच. बिस्किटाचा किंवा औषधाचा, झाकण गंजलेलं. उघडून बघा. आत एक जड रेझर, केस झडलेला ब्रश, तुरटीचा खडा, कागदात गुंडाळलेलं एखादं ब्लेड आणि पारा उडालेला छोटा आरसा. आजोबांचं दाढीचं सामान. दर दिवाळीला साफसफाईत हा डबा भंगारवाल्याच्या पोत्यापर्यंत जाऊन येतो. यंदा तो पोत्यात पडण्याआधी माझं थोडं ऐका.

आपली पिढी दाढीचे लाड करणारी. ट्रिमर, बिअर्ड ऑइल, फेड कट, वर त्याचा रील. हदगावातही रविवारी सलूनमध्ये लवकर नंबर लागत नाही. त्यात वाईट काहीच नाही. पण 'जुनं सामान काय कामाचं?' असं विचारणाऱ्यांना आधी साधा हिशेब सांगते. दोन्ही बाजूंनी धार असलेल्या, बदलता येणाऱ्या ब्लेडच्या रेझरचं पेटंट अमेरिकेत किंग जिलेट यांना १९०४ मध्ये मिळालं. साठ वर्षांपूर्वीच्या तशा रेझरमध्ये आजही किराणा दुकानातलं काही रुपयांचं ब्लेड नीट बसतं. आपल्या महागड्या कार्ट्रिजची धार गेली, की ती प्लास्टिकसकट कचऱ्यात. जुनी माणसं तर ब्लेडही सहज फेकत नसत. काचेच्या ग्लासात आतून घासून त्याला पुन्हा धार आणायची. ते अगदीच बोथट झालं की शिवण उसवायला, मग लेकरांच्या पेन्सिलीला.

पण माझा खरा मुद्दा पैशांचा नाही.

माझ्याकडे असलेला रेझर माझ्या आबांचा. आबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. पहिल्या पगारातून त्यांनी तो नांदेडला वजिराबादेत घेतला. ओसरीवर खिळ्याला आरसा अडकवायचा, जर्मनच्या वाटीत कोमट पाणी घ्यायचं आणि शाळेला निघायच्या आधी रोज दाढी करायची. एक दिवस खाडा नाही. मी लहानपणी विचारलं होतं, 'आबा, रोज कशाला?' ते म्हणाले, 'बाई, आमच्या दाढीला गावात कुणी हात लावत नव्हतं. मग ठरवलं, आपणच लावू. आणि रोज लावू.'

हदगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावात न्हावी होता, पण तो आमच्या वस्तीत येत नसे. वस्तीतलेच कुणीतरी एकमेकांची डोकी भादरायचे. आबा त्या न्हाव्याला मात्र कधी वाईट बोलले नाहीत. तोही बलुतेदारच. सुगीला खळ्यावरून मिळणाऱ्या धान्यावर त्याचं वर्षभराचं पोट. आमच्यापैकी एकाच्या डोक्याला हात लावला असता, तर बाकी गावानं त्याचं बलुतं बंद केलं असतं. वस्तरा त्याच्या हातात होता, पण तो कुणाला लावायचा हे गाव ठरवत होतं.

ही एकट्या आबांची गोष्ट नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय, की लहानपणी साताऱ्यात त्यांचे केस कापायला न्हावी तयार नसत. ते काम त्यांची थोरली बहीण करायची. पुढे संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा झाली. 'दुकान' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आला. जिथं मालक कुणालाही सेवा द्यायला तयार असतो ती जागा, असा व्यापक अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. आज ते कलम १५ आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे त्या चर्चेच्या जेमतेम अडीच महिने आधी. सलूनच्या खुर्चीत आपण मोबाइल बघत निवांत बसतो, त्या खुर्चीला एवढा इतिहास आहे.

आबा गेल्यावर घरात शेताची बोलणी झाली, सातबाऱ्यावर कुणाची नावं लावायची ते ठरलं. डबा कुणीच मागितला नाही. मी मागितला तेव्हा काका हसले, 'पोरीला काय करायचंय दाढीचं सामान?'

काकांना आणि असं विचारणाऱ्या सगळ्यांना मी शांताबाई यादवांचं नाव सांगते. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यातल्या हासुरसासगिरी गावच्या. १९८० च्या दशकात नवरा वारला, पदरात चार मुली. शांताबाईंनी नवऱ्याचा वस्तरा उचलला आणि पुरुषांच्या दाढ्या करायला लागल्या. सुरुवातीला लोकांनी नावं ठेवली, पण त्यांनी वस्तरा खाली ठेवला नाही. त्यावरच मुली वाढवल्या. दाढीचं सामान बाईच्या वाट्याला येतं तेव्हा काय होतं, याचं उत्तर त्यांनी केव्हाच देऊन ठेवलंय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जमीन वाटून घ्या, दागिने वाटून घ्या. पण असल्या वस्तूंचीही वाटणी करा, आणि त्यात मुलींनाही विचारा. घरातली गोष्ट तिला जपावीशी वाटते, एवढा हक्क तिला पुरेसा आहे. आणि डबा मिळाला म्हणून तो शोकेसमध्येच ठेवायला पाहिजे असं नाही. भावांनो, कोमट पाण्यात रेझर धुवा, नवीन ब्लेड टाका, एखाद्या रविवारी वापरून बघा. फक्त जोर लावू नका. हा रेझर स्वतःच्या वजनावर चालतो, घाई केली की कापतो.

त्याच्याही आधी एक करा. घरात आजोबा, आजी, थोरले काका, जे कुणी असतील, त्यांच्या हातात तो डबा द्या आणि 'हे कधी घेतलं?' एवढंच विचारा. 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' म्हटलं की माणसं गप्प होतात. वस्तू हातात आली की बोलायला लागतात. कुणाच्या डब्यातून मुंबईच्या गिरणीतली पहिली पाळी निघेल, कुणाच्या डब्यातून लग्नाची सकाळ. कुणाच्या डब्यातून असंही काही निघेल, जे घरात आजवर मोठ्यानं बोललंच गेलं नाही. ते ऐकून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख टाका.

रेझर धातूचा आहे, तो आणखी पन्नास वर्षं टिकेल. सांगणारी माणसं तेवढी थांबणार नाहीत. तेव्हा दिवाळीची वाट बघू नका. आजच माळ्यावर चढा.