तेरा डिसेंबरचा मुकुट

आमच्या नातीने डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालावा की नाही, यावर सध्या गोतावळ्यात बरीच चर्चा चालू आहे. काहींनी फोन करून विचारलं, काहींनी नुसतंच "अगं बाई!" म्हटलं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते.

लेक-जावई स्टॉकहोमजवळ राहतात. आपल्या भागाला स्वीडन काही नवं नाही. चिंचवडला एसकेएफ, दापोडीला सँडविक आणि अल्फा लावल. मी शिकवत होते तेव्हा वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील या कंपन्यांत होते. पण तिकडून बेअरिंगं आली, सण काही आले नाहीत. म्हणून थोडं सांगावं लागेल.

13 डिसेंबरला तिथे ल्यूसियाचा दिवस असतो. पहाटेच्या अंधारात (तिथे आठ वाजून गेले तरी उजाडत नाही आणि दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो) पांढरे झगे घातलेल्या मुली हातात दिवे घेऊन गात येतात. पुढच्या मुलीच्या डोक्यावर मुकुट, कमरेला लाल फीत. लहान मुलींच्या मेणबत्त्या बॅटरीच्या असतात, तेव्हा केस जळायची काळजी सोडा. यंदा शाळेत ही पुढची मुलगी आमची नात आहे.

"ख्रिस्ती संतिणीचा सण, आपण कशाला?" हा आपल्याकडचा आक्षेप. ल्यूसिया ही सिसिली बेटावरच्या सिराक्यूजची. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या छळात, इ.स. 304 मध्ये तिला मारलं असं मानतात. लाल फीत ही त्या रक्ताची खूण. पण स्वीडन ल्यूथरपंथी, तिथे संतांची पूजा कधीच मागे पडली. तरी ही एकटी टिकली. मध्ययुगात जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे वर्षातली सर्वांत मोठी रात्र याच तारखेच्या सुमारास येई. 1753 मध्ये स्वीडनने पंचांग बदललं, मोठी रात्र आठवडाभर पुढे गेली, सण मात्र जागचा हलला नाही. आपल्याला याचं नवल वाटायला नको. सूर्य उत्तरेकडे वळतो 22 डिसेंबरच्या सुमारास आणि आपण संक्रांत करतो 14 जानेवारीला!

दुसरा आक्षेप तिकडचा, आणि तो मला जास्त बोचतो. 2016 मध्ये ऑलेन्स नावाच्या तिथल्या मोठ्या दुकानाने जाहिरातीत ल्यूसियाच्या वेषातलं सावळं मूल दाखवलं. त्यावर इतक्या गलिच्छ प्रतिक्रिया आल्या की जाहिरात काढून घ्यावी लागली. ल्यूसिया म्हणे गोरी आणि सोनेरी केसांचीच हवी. अहो, ती मुळात इटलीच्या दक्षिण टोकाची! तिच्या गाण्याची चाल नेपल्सची, तिथल्या होडीच्या गाण्याची. त्या दिवशी खातात त्या मनुका लावलेल्या पिवळ्या पावातलं केशर इराणकडचं. रस्त्यावरची मोठी मिरवणूकही 1927 मध्ये स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने सुरू केली. यातलं अस्सल गोरं काय ते मला कुणी दाखवावं. (त्या मुलाच्या बाजूने नंतर पुष्कळ स्वीडिश लोक बोलले, हेही सांगितलं पाहिजे.)

इकडचे म्हणतात ती आपली राहणार नाही, तिकडचे काही म्हणतात ती आमची नाहीच. दोघांच्याही मध्ये एक दहा वर्षांची पोर उभी आहे आणि तिला फक्त गाणं पाठ झालंय का एवढीच चिंता आहे. परीक्षेत मी तिला पुरे गुण दिले असते. स्वीडिश मला कळत नाही, पण सूर चुकत नाही. तिने मुकुट घालावा असं माझं स्पष्ट मत आहे आणि लेकीला मी तसं कळवलं आहे.

मार्गशीर्षात इथे मोरया गोसावींच्या समाधी उत्सवाची गडबड असते, त्यामुळे पार्सलाचं राहून जातं. संक्रांतीच्या आत तिळगूळ तिकडे पोचायचा तर पुढच्या आठवड्यात टाकायलाच हवा. यंदा वर्गापुरता जास्त मागितलाय.