दारावरच्या माणसापासून डॉक्टरांपर्यंत

मोतीबिंदूचे ऑपरेशन काही मिनिटांचे. पण मंठ्याहून किंवा भोकरदनहून जालन्याला आणलेल्या नानीचा सारा दिवस दवाखान्यात जातो आणि त्यात डॉक्टर तिच्या वाट्याला थोडाच वेळ येतात. बाकी वेळ ती केसपेपर काढणाऱ्याच्या, डोळ्यांत थेंब टाकणाऱ्या मुलीच्या, व्हीलचेअर ढकलणाऱ्या मामांच्या हवाली असते. दुसऱ्या डोळ्यासाठी ती परत येणार की नाही, हे बरेचसे याच लोकांच्या वागण्यावर ठरते.

जालन्याला डोळ्यांच्या उपचाराची सोय जुनी आहे. १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी उभी करणारे बद्रिनारायण बारवाले यांनीच येथे गणपती नेत्रालय सुरू केले. पण कोणत्याही दवाखान्यात नुसते चांगले सर्जन पुरत नाहीत, सगळ्यांची मिळून एक फळी लागते. ती कशी घडवावी, याचा पक्का नमुना तमिळनाडूत मदुराईला आहे.

डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये तेथे अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय काढले. तेथे खेड्यापाड्यांतल्या बारावी झालेल्या मुली निवडतात आणि त्यांना दोन वर्षे शिकवतात. दृष्टी तपासणे, रुग्णाला समजावणे, ऑपरेशनची तयारी, सगळे प्रत्यक्ष हाताखाली. ऑपरेशनच्या खोलीत सर्जन एका टेबलावर काम करत असताना शेजारच्या टेबलावर या मुली पुढचा रुग्ण तयार ठेवतात. एकीचे काम रखडले की डॉक्टरांचेही रखडते. सहकार्य हा शब्द तेथे भिंतीवर लिहावा लागत नसेल!

१९९२ मध्ये याच रुग्णालयाने दुसऱ्या दवाखान्यांना शिकवण्यासाठी वेगळी संस्था काढली. तिची एक रीत आम्हाला फार पटते: बाहेरच्या दवाखान्यातून डॉक्टर आणि व्यवस्थापक अशी मंडळी एकत्रच शिकायला बोलावतात. आपल्याकडे ट्रेनिंग म्हणजे बहुधा एका दिवसाचे भाषण, चहा-समोसा आणि सर्टिफिकेट. साहेब पहिल्या रांगेत पाच मिनिटे बसून निघून जातात आणि शिपायाला तर बोलावलेलेच नसते.

शिकवण्याने काय फरक पडतो, हे आपल्या घरातूनच पाहा. ऑपरेशननंतर "वाकू नका, डोळ्याला पाणी लावू नका" एवढेच सांगितले तर नानी मान डोलावते आणि घरी येऊन वुजू करते, सजद्यात जाते. तिच्या लेखी ते वाकणे नव्हेच. नीट शिकलेली मुलगी समोरच्या बाईचा दिवस कसा जातो ते आधी विचारते. मग सांगते, "नानी, डॉक्टर सांगतील तितके दिवस खुर्चीवर बसून नमाज पढा, सजदा इशाऱ्याने करा. वुजूचे पाणी डोळ्यात जाता कामा नये." हे सांगायला एक मिनिटही लागत नाही, पण ते कोणीतरी शिकवलेले असावे लागते.

आपल्या घरांतल्या बारावी झालेल्या मुलींसाठी नेत्रसहायकाचे काम विचार करण्याजोगे आहे. अभ्यासक्रम निवडताना फी तर विचाराच. शिवाय प्रत्यक्ष वॉर्डात किती महिने शिकवतात, वसतिगृह आहे का, रात्रपाळीला घरी पोहोचवण्याची व्यवस्था काय, हेही अब्बांनी आणि अम्मीने स्वतः जाऊन विचारावे. जमल्यास तेथे काम करणाऱ्या एखाद्या मुलीशी बोलूनच यावे.