गायरान सुधारा, गायरानावरील हक्क राखा



मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत पूज्य बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असा उपदेश केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि गावोगावच्या आपल्या माणसांनी ढोरे ओढण्याचे काम कायमचे टाकून दिले. मेलेल्या जनावरावरील लाजिरवाणा हक्क आपण स्वाभिमानाने सोडला, हे योग्यच झाले. परंतु जिवंत जनावराच्या चाऱ्यावरील मानाचा हक्क आपण पुरतेपणी मिळविला आहे काय? हा प्रश्न आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

तुळजापूर तालुक्यातील अणदूर, नळदुर्ग ही गावे अवर्षणाच्या टापूतील. येथल्या जिरायत जमिनीवर पावसाची मर्जी फिरली की मजुरीही फिरते. अशा वेळी ज्याला शेत नाही त्याचा आधार म्हणजे दारातील दोन शेळ्या. उस्मानाबादी शेळी ह्याच जिल्ह्याच्या जुन्या नावाने सर्वत्र ओळखली जाते. शेळीला सातबारा लागत नाही. पण चरावयास जागा लागते. ज्याच्यापाशी बांध नाही त्याची शेळी गायरानावर जाते. म्हणून गायरान उजाड झाले की पहिला फटका भूमिहीनालाच बसतो.

मराठवाड्यात गायरान म्हणजे आपल्या जमिनीच्या लढ्याचा इतिहासही आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्यास द्या, ही त्यांतील प्रमुख मागणी होती. त्या मागणीचेच एक फळ म्हणजे १९९१ चा शासननिर्णय. त्याने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याची वाट मोकळी केली. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्या आदेशातही शासकीय अधिसूचनेन्वये भूमिहीन मजुरांस किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद स्पष्ट नमूद आहे. हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावे. ज्यांच्या ताब्यात असा तुकडा आहे त्यांनी पीकपाहणीचे उतारे, दंडाच्या पावत्या व पंचनामे जपून ठेवावेत. तोंडच्या शब्दावर हक्क टिकत नाही.

आता काही मंडळी म्हणतात, “गायरान तुम्ही कसावयास घेतले, म्हणून गावची जनावरे उपाशी राहिली.” ह्या आरोपाने आपल्यातीलच कसणारा आणि शेळ्या राखणारा एकमेकांसमोर उभा केला जातो. त्यास बळी पडू नका. गायरान उजाड होण्याचे कारण पुष्कळदा जमिनीच्याच अवस्थेत सापडते. ओल्या मातीवर वर्षानुवर्षे खुरे पडून ती दगडासारखी चेपते. मग मुळांना हवा मिळत नाही, पाणी मुरत नाही, वरची माती वाहून जाते. चांगले गवत मुळासकट खाल्ले जाते आणि जनावर तोंड लावीत नाही ते तण तेवढे माजते.

ह्यावर उपाय आहे व तो आपल्या हातच्या कुदळीने होण्यासारखा आहे. उतारास आडवे समपातळीवर चर खणावेत, म्हणजे पाणी जागीच जिरते. वळवाच्या पावसानंतर वाफसा आला की चेपलेली माती वरवर, दोन-तीन बोटे, मोकळी करावी. तेथे नांगर घालू नये. त्याने जुन्या गवताचे ठोंब उपटतात व माती वाहते. मोकळ्या केलेल्या जागी मारवेल, पवन्या, डोंगरी ह्यांसारख्या गवतांचे बी मातीत मिसळून फेकावे. जोडीस स्टायलो पेरावा; तो शेंगवर्गीय असल्याने हवेतील नत्र मुळांच्या गाठींत साठवितो व चाराही सकस करतो. कुसळी गवत कुसळे धरण्यापूर्वीच कापावे, नाहीतर ती जनावरांच्या तोंडात रुततात. नव्या पेरलेल्या भागात निदान पहिले वर्ष जनावर सोडू नये.

येथेच आपणांस सावध राहिले पाहिजे. चराईबंदी हा उपाय शास्त्रीय आहे. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तो पाळला व तेथे गवत वाढले, हे खरे. परंतु बंदीचा भार कोणावर पडतो? ज्याच्या घरी कडब्याची गंजी आहे तो बंदी सहज सोसतो. ज्याच्या शेळ्या गायरानावरच जगतात त्यास त्या बाजारात न्याव्या लागतात. म्हणून आपली भूमिका अशी असावी : बंदीस आपला विरोध नाही, वाट्याविना बंदीस आहे. गायरानाचे चार भाग करावेत व एका वेळी एकच भाग बंद ठेवावा. बंद भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन कुटुंबांस असावा. चर खणणे व बी पेरणे ही कामे रोजगार हमीतून काढून तेथील मजुरी त्यांनाच मिळावी. हे सारे ग्रामसभेच्या ठरावात लेखी यावे. ठरावाच्या दिवशी आपल्या स्त्रियांनी सभेस अवश्य हजर राहावे; शेळ्या त्या राखतात, म्हणून शब्दही त्यांचा हवा.

कोणी विचारील, ह्यात धम्म कोठे आला? दीघनिकायातील कूटदन्त सुत्त वाचा. राज्यात लूटमार माजली असता राजाने केवळ दंडावर विसंबू नये, शेती व गुरे राखणाऱ्यांस बी-बियाणे व अन्न पुरवावे, असा सल्ला त्या कथेत राजास दिला जातो. उपजीविकेची सोय करणे हा तेथे राज्यकर्त्याचा धर्म मानला आहे. तो आपण आपल्या पंचायतीकडून मागितला तर काही गैर नाही.

महाडचे तळे सार्वजनिक होते. त्याचे पाणी घेण्यास आपल्या वडीलधाऱ्यांना लढावे लागले. गायरानही सार्वजनिक आहे. जे सर्वांचे आहे त्यावर आपला वाटा मागावयाचा, आणि जे आपले आहे ते स्वतःच्या श्रमाने सुधारावयाचे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करावयाच्या आहेत. मृगापूर्वी ग्रामसभेत अर्ज द्या, आणि अर्जासोबत कुदळही तयार ठेवा.

जय भीम !